कोल्हापूरचे बाबूराव पेंटर

तुमच्या घरात फोन आहे, म्हणजे कॅमेरा आहे. रियाधच्या गच्चीवर किंवा जेद्दाच्या समुद्रकिनाऱ्यावर उभं राहून तुम्ही आत्ता एक छोटा सिनेमा काढू शकता. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात एका चित्रकारालाही सिनेमा काढायचा होता. पण त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. परदेशातून मागवायला पैसेही नव्हते. मग त्यांनी काय केलं? स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला!

त्यांचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांसाठी मोठमोठे पडदे रंगवायचे. पडद्यावर राजवाडा, जंगल, नदी असं सगळं असायचं. म्हणून लोक बाबूरावांना ‘पेंटर’ म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि या दोघा भावांना सिनेमाचं वेड लागलं. कॅमेऱ्याचं काम सुरू झालं. पण १९१६ साली आनंदराव वारले. बाबूराव थांबले नाहीत. दामले नावाचे मदतनीस सोबत होते. एकेक भाग घडवत १९१८ साली कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैसे दिले, आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

सौदी अरेबियात २०१८ साली कितीतरी वर्षांनी सिनेमागृहं पुन्हा उघडली. तेव्हा लोक किती खूश झाले होते, ते आईबाबांना विचारा. १९२० साली पुण्याच्या लोकांनाही सिनेमा असाच नवा होता. तिथे बाबूरावांचा ‘सैरंध्री’ लागला. फाळक्यांच्या पहिल्या सिनेमात बायकांची कामं पुरुषांनीच केली होती. इथे मात्र खऱ्या स्त्रिया होत्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. केसरी म्हणजे सिंह.

पण मला स्वतःला त्यांचं मोठं धाडस दिसतं ते १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये. सावकार म्हणजे व्याजाने पैसे देणारा. पाश म्हणजे फास. एका शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो, आणि तो बिचारा शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो. ना देव, ना राजा, ना चमत्कार! तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. लोकांना तेव्हा देवादिकांच्या आणि राजांच्या गोष्टी आवडायच्या, त्यामुळे हा सिनेमा फारसा चालला नाही. आज मात्र जाणकार त्याला खऱ्या आयुष्यावरच्या भारतीय सिनेमाची सुरुवात मानतात. तो मूळ मूकपट आता आपल्याला बघता येत नाही, कारण त्याची फिल्मच उरलेली नाही.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघेही बाबूरावांना सोडून गेले. त्यांनी ‘प्रभात फिल्म कंपनी’ काढली, आणि ती गुरूच्या कंपनीपेक्षा कितीतरी मोठी झाली. प्रभातचा ‘संत तुकाराम’ तर इटलीतल्या व्हेनिसपर्यंत पोचला आणि तिथे त्याचा गौरव झाला.

इकडे बाबूरावांची कंपनी बंद पडली. ते पुन्हा चित्रं आणि पुतळे करू लागले. तरी १९३६ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ परत एकदा काढला, या वेळी बोलपट. तीच गोष्ट, तोच शेतकरी. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कोल्हापुरातच वारले.