पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून थेट पांझरेच्या काठी! विश्वेश्वरय्या आणि आपला साक्री तालुका

साक्री (वार्ताहर) : १५ सप्टेंबर म्हणजे अभियंता दिन. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्मदिवस. शाळा-कॉलेजात फोटोला हार घातला जातो, दोन भाषणं होतात आणि विषय संपतो. पण हा माणूस नोकरीच्या सुरुवातीलाच आपल्या खान्देशात काम करून गेला, हे आपल्याच पोरांना माहीत नसतं. म्हणून हे लिहितोय.

विश्वेश्वरय्या १८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात जन्मले. वडील संस्कृतचे पंडित, पण घरची परिस्थिती बेताचीच. पोरगा पंधरा वर्षांच्या आसपास असताना वडील वारले. बंगळुरात दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन त्यांनी आपलं शिक्षण पुढे रेटलं. बी.ए. झाले आणि म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आले.

पुण्याचं हे कॉलेज १८५४ साली सुरू झालं. रस्ते, इमारती, कालवे बांधायला सरकारला हाताखाली शिकलेली माणसं पाहिजे होती, त्यासाठी काढलेला तो साधा वर्ग होता. विश्वेश्वरय्या तिथं शिकले तेव्हा त्याला कॉलेज ऑफ सायन्स म्हणत. १९११ पासून ते कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं आणि २०२२ मध्ये सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ. १८८३ च्या परीक्षेत विश्वेश्वरय्यांचा पहिला नंबर आला. लगेच १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून नोकरी लागली.

सुरुवातीच्याच काळात काम मिळालं ते आपल्या दातर्तीचं. पाटाचं पाणी ओढ्यापलीकडे न्यायला पाइपाचा सायफन बांधायचा होता. ऐन पावसाळा, वाळू नि गाळ वाहून येई, केलेलं काम बुजून जाई. काम पुढे ढकलावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं, पण साहेबाला ते पटलं नाही. मग तरण्या पोराने हट्टाने ते काम पुरं करून दाखवलं. पुस्तकात शिकलेलं आणि नदीत शिकलेलं यातला फरक त्यांना इथंच कळला असावा.

पुढे पुण्याकडे बदली झाली. १९०३ च्या सुमारास खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी आपोआप उघडणारे-मिटणारे दरवाजे बसवले. भिंत न वाढवता साठा वाढला. नीरा कालव्यावर वेगळीच अडचण होती. वरच्या अंगाचे लोक उसाला पाणी घेत, शेपटाकडचे कोरडे राहत. त्यांनी गट पद्धत मांडली. एका गटात ठरावीक भागातच ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं आणि दरसाल जागा बदलायची. सुरुवातीला विरोध झाला, वर्तमानपत्रांतून टीका झाली. त्यांनी शेतकऱ्यांना समोर बसवून समजावलं.

आपल्या पांझरा खोऱ्यातली जुनी फड पद्धत ज्यांनी पाहिली, त्यांना हे ओळखीचं वाटेल. एका फडात एकच पीक, पाळीपाळीने फड बदलायचा आणि पाटकऱ्याने पाणी शेवटच्या वावरापर्यंत न्यायचं. बांधावरचं शहाणपण आणि कॉलेजातलं गणित एकाच ठिकाणी येऊन पोहोचलं.

नंतर ते १९०९ मध्ये म्हैसूरचे मुख्य अभियंता आणि १९१२ मध्ये दिवाण झाले. कृष्णराजसागर धरणाचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ, १९१७ मध्ये बंगळुरात इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या पोरांसाठी दार उघडलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं आणि १९६२ मध्ये शंभरी ओलांडून ते गेले.

माझं वावर पाटाच्या शेपटाला आहे. आवर्तन सुटलं की वर मोटारी लागतात आणि आमच्यापर्यंत ओल तेवढी येते. सव्वाशे वर्षांपूर्वी नीरेवर जो प्रश्न होता, तोच आज आमच्या बांधावर आहे. आपल्या तालुक्यातली पोरंही आता इंजिनिअरिंगला पुण्याला जातात. त्यातल्या एकाने तरी परत येऊन पाटाचं शेपूट पाहावं. हार घालण्यापेक्षा तेवढं झालं तरी अभियंता दिन साजरा झाला म्हणायचं.