फ्रँकलिनची टापटिपीची वही

बेंजामिन फ्रँकलिन ह्याचा जन्म १७०६ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी झाला. बाप साबण व मेणबत्त्या करीत असे. पुढे फिलाडेल्फिया येथे छापखाना चालवीत असता त्याने तेरा सद्गुण निवडून एक लहान वही केली. दर सद्गुणास एक पान, त्यावर सात वारांची घरे. चूक झाली की घरात काळा ठिपका. दर आठवड्यास एका सद्गुणाकडे तो विशेष लक्ष देई.

तिसरा सद्गुण टापटीप. त्यासाठी त्याने चोवीस तासांची वाटणी लिहून ठेविली: पहाटे पाचास उठून दिवसाच्या कामाचा बेत, दुपारी हिशेब पाहणे, सायंकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणे, मग दिवसाची झडती. परंतु छापखान्याच्या धन्यास लोक येतील त्या वेळी भेटावे लागे; म्हणून हाच सद्गुण त्यास फार कठीण गेला. ठिपके खोडून वहीस भोके पडली, तेव्हा त्याने पुसता येणारी हस्तिदंती पाने घेतली.

टापटीप आपणास कधीच साधली नाही, तथापि ह्या प्रयत्नाने आपण अधिक चांगले व सुखी झालो, असे त्याने वृद्धपणी लिहून ठेविले. १७९० साली तो मरण पावला. वाचकहो, आपल्याही वहीत ठिपके पडतील. तेवढ्याने ती मिटून ठेवू नये.