जाईबाई चौधरी : हमालीतून शाळेकडे

वाचकहो, जाईबाई चौधरी हे नाव आपण महिला मेळाव्यांतील भाषणांत अनेकदा ऐकले असेल. भाषणात ते एका ओळीत येते आणि पुढचे नाव सुरू होते. त्या ओळीमागे एका बाईने काय सोसले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

जाईबाईंचा जन्म 1892 साली उमरेडचा, महार कुटुंबातला. 1896 च्या दुष्काळाने घर उठवले आणि आईबाप लेकरांना घेऊन नागपुरास आले. थोडी अक्षरओळख त्यांना येथे झाली. 1901 साली बापूजी चौधरींशी त्यांचे लग्न लागले, तेव्हा वय अवघे नऊ. त्या वयाच्या मुली आज माझ्या चौथीच्या वर्गात बसतात. सासरीही दारिद्र्यच होते. जाईबाईंनी हमाली धरली. नागपूर ते कामठी सुमारे 16 किलोमीटर. लोकांची ओझी डोक्यावर घेऊन त्या ही वाट तुडवीत.

याच काळात ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंशी त्यांची ओळख झाली. या बाईंनी त्यांना शाळेत शिक्षिकेची जागा दिली. पगार महिना 4 रुपये. पैसा थोडा होता. परंतु डोक्यावरचे ओझे उतरून हातात खडू आला, याचा अर्थ आपल्याला समजावून सांगायला नको.

तो खडू फार दिवस टिकला नाही. आपल्या मुलांना शिकवणारी बाई अस्पृश्य आहे, हे सवर्ण पालकांना कळले आणि त्यांनी मुले शाळेतून काढून घेतली. जाईबाईंना नोकरी सोडावी लागली. त्यांच्या शिकवण्यात खोट निघाली नव्हती. पट रिकामा होणे म्हणजे काय, हे कोणाही शिक्षकाला विचारा. इथे तर तो एका बाईच्या जातीमुळे रिकामा झाला.

दुसरी बाई असती तर पुन्हा ओझ्याकडे वळली असती, आणि तिला कोणी नावही ठेवले नसते. जाईबाईंनी 1922 साली नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. नागपूरच्या वस्तीला मुलींची शाळा अगदीच नवी नव्हती. किसन फागूजी बनसोडे यांनी 1907 मध्येच तसा यत्न केला होता. पण त्या काळी गिरणीत आणि मजुरीवर जाणाऱ्या आईच्या घरी धाकटी भावंडे मुलीच्याच कडेवर असत. तिला पाटीपुस्तकाकडे आणायचे म्हणजे आधी तिच्या आईशी बोलावे लागे. तेथे वस्तीतल्याच, स्वतः हमाली केलेल्या बाईचा शब्द कामी येणार, हे उघड आहे.

शाळेला वारकरी संताचे नाव का, असे आपले तरुण आज विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र 1922 मध्ये 1956 अजून चौतीस वर्षे दूर होते, आणि अस्पृश्यांतला सर्वांना ठाऊक असलेला मोठा माणूस म्हणून चोखोबांचेच नाव पुढे येई. नावावरून जाईबाईंचे काम जोखू नये, असे मला वाटते.

ऑगस्ट 1930 मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. तिच्याबरोबर स्त्रियांचीही परिषद झाली, आणि तीत जाईबाईंनी भाग घेतला.

पुढे डिसेंबर 1937 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात झाले. देशभरच्या सुशिक्षित, सुधारक म्हणवणाऱ्या स्त्रिया जमल्या होत्या. स्त्रियांच्या उन्नतीवर भाषणे झाली. जेवणाची वेळ झाली तेव्हा जाईबाईंचे पान वेगळे, दूर मांडलेले होते. पंधरा वर्षे शाळा चालवणाऱ्या बाईंचे पान!

हा अपमान त्यांच्या एकटीचा राहिला नाही. 1 जानेवारी 1938 रोजी आपल्या स्त्रियांनी सभा भरवली आणि त्या वागणुकीचा जाहीर निषेध केला.