पदवी, नोकरी आणि नांगर

परीक्षांचे निकाल लागू लागले की मध्यमवर्गीय मराठी घरांत एक जुना वाद नव्याने सुरू होतो. मुलाने पदवी पूर्ण करून नोकरी धरावी, की शिक्षण अर्ध्यावर सोडून स्वतःचा धंदा उभारावा? धंद्याचा कैवार घेणारे अशा वेळी हटकून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा दाखला देतात. पदवी नसलेला माणूस, सायकलींचे दुकान, लोखंडी नांगर आणि ओसाड माळावर वसलेली किर्लोस्करवाडी एवढे सांगितले की शिक्षणाची निरर्थकता आपोआप सिद्ध झाली, असे समजले जाते. लक्ष्मणरावांचे चरित्र मात्र इतके सोपे नाही. ते लक्षपूर्वक पाहिले तर या वादातील दोन्ही पक्षांची पंचाईत होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. पुस्तकी अभ्यासापेक्षा चित्रे आणि यंत्रे यांच्याकडे त्यांचा ओढा अधिक होता. वडिलांची इच्छा नसताना, थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आर्थिक पाठबळावर ते मुंबईस गेले आणि जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. तेथे सुमारे दोन वर्षांनी त्यांना काही रंगांतील भेद ओळखता येत नसल्याचे ध्यानात आले आणि चित्रकार होण्याची आशा संपली. परंतु त्याच शाळेत त्यांनी यांत्रिक रेखाटनाचे शिक्षण घेतले होते. त्या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची जागा मिळाली. रेखाटनाबरोबर वाफेच्या यंत्रांचे शास्त्रही ते शिकवीत आणि फावल्या वेळी संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे हाताळीत. म्हणजे ज्यांना शिक्षणाविना मोठे झालेले उद्योगपती म्हणून पुढे केले जाते, ते कारखानदार होण्यापूर्वी कित्येक वर्षे विद्यार्थी आणि नंतर शिक्षक होते. त्यांच्याजवळ नव्हती ती पदवी, विद्या होती.

धंद्याचा आरंभही नोकरीवर लाथ मारून झालेला नाही. किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचा प्रारंभ १८८८ पासून धरला जातो. बेळगावात सायकलींचे दुकान निघाले. मुंबईहून सायकली पाठवण्याचे काम लक्ष्मणराव करीत आणि दुकान रामूअण्णा पाहत. मुंबईतील पगार चालू असताना बेळगावात व्यापाराचे धडे गिरवले जात होते. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. परकीय राजवटीत नेटिव्ह शिक्षकाच्या वाढीला कोठवर वाव आहे, हे त्यातून कळून चुकले. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले. हे पाऊल स्वाभिमानाचे होते, पण आंधळे नव्हते. पायाखाली दुकानाची जमीन आणि पाठीशी भाऊ होता.

पुढचा मार्ग तरीही खडतरच निघाला. चारा कापण्याच्या यंत्रानंतर त्यांनी लोखंडी नांगर बनवण्यास घेतला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. सुरुवातीचे नांगर खपवण्यास सुमारे दोन वर्षे लागली. व्याख्यानाने हा समज दूर होणारा नव्हता. शेतात नांगर चालवून दाखवणे आणि त्यातील उणिवा दूर करणे एवढाच उपाय होता. चिकाटी अंगात असावी लागते हे खरे. पण नांगराचा प्रत्येक भाग मापाबरहुकूम काढण्यासाठी आणि परदेशी नियतकालिकांतून ओतकामाची माहिती मिळवण्यासाठी शिकलेली दृष्टीच लागते.

धंद्याला गती येते न येते तोच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या सुमारास लक्ष्मणराव औंध येथे देवळाच्या सभामंडपाचे काम करीत होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकानजीक सुमारे ३२ एकर जमीन दिली आणि कर्जही दिले. निवडुंग आणि सर्प यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगरांची आवक थांबली आणि देशी नांगराला मागणी आली. परंतु लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मीळ झाला, तेव्हा लोणारी कोळशावर भट्ट्या चालवाव्या लागल्या. १९२० मध्ये व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले.

या चरित्रातील सर्वांत बोलका प्रसंग यानंतरचा आहे. पदवीवाचून कारखाना उभारणाऱ्या या गृहस्थाने आपला मुलगा शंतनुराव याला थेट गादीवर बसवले नाही. त्याला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत धाडले. १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन शंतनुराव परतले आणि पंप, एंजिने, विजेच्या मोटारी असा उद्योगाचा पुढील विस्तार त्यांच्या पिढीने घडवला. नांगर अनुभवातून सुधारता येतो. एंजिनाला गणित आणि शास्त्र यांची जोड लागते, हे लक्ष्मणरावांना उमगले होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा हा विस्तार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला होता.

तेव्हा पदवी की धंदा, हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जातो. पदवी हा विद्येचा पुरावा आहे. विद्या नसताना मिळालेल्या पुराव्याला बाजारात किंमत नाही आणि विद्याच नसेल तर पुरावा झुगारून देण्यात पुरुषार्थ नाही. ज्या शिक्षणाने हाताला काही येते, ते सोडून धंद्यात उतरणे म्हणजे अवजारावाचून शेतात उतरणे होय. त्याचबरोबर, ज्या नोकरीत वाढ खुंटली आहे तिला केवळ भीतीपोटी चिकटून राहणे हाही शहाणपणा नव्हे.

विचार करायला हवा तो निराळ्याच गोष्टीचा. लक्ष्मणरावांचे गुण असलेली मुले आजही कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या घरांत असतील. पण शिक्षणाचा खर्च सोसणारा रामूअण्णा आणि पडत्या काळात जमीन व कर्ज देणारा पंतप्रतिनिधी प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. ज्याच्या घरात एकाच पगारावर पाच माणसे जगतात, त्याला बेधडक उडी घेण्याचा उपदेश करणे सोपे आहे. उडी चुकली तर त्याला सावरणार कोण, हे सांगणे कठीण. हा भार केवळ दैवावर आणि भाऊबंदांवर टाकून चालणार नाही. तांत्रिक शाळांतील कार्यशाळा सुसज्ज करणे आणि तारणाऐवजी कसब पाहून होतकरू तरुणाला भांडवल देणे, हे समाजाचे आणि शासनाचे काम आहे. ते झाले नाही तर किर्लोस्करांचे चरित्र व्याख्यानांत गाजत राहील आणि ऐकणारा तरुण मुकाट्याने नोकरीचे अर्ज भरत राहील. त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार मग कोणालाच उरणार नाही.