स्वयंपाकघरातली शाळा : आशादेवी आर्यनायकम्

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हा मुलींचे रक्त तपासले, तेव्हा माझे हिमोग्लोबिन नऊ भरले. बारा तरी हवे होते. मला नवल वाटले. आमच्या शेतात तूर पिकते, परसात शेवगा आहे, पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट मिळते. मग हे नऊ कशाने? त्याचे उत्तर शोधताना मला आशादेवी आर्यनायकम् भेटल्या. वर्ध्यात राहूनही तोवर मला त्यांचे केवळ नाव ठाऊक होते.

आशादेवी बंगाली. बालपण लाहोर व बनारस येथे गेले. उच्च शिक्षण घेऊन त्या शांतिनिकेतनात शिकवू लागल्या. तेथेच रवींद्रनाथांचे सचिव, सिलोनचे आर्यनायकम् यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे हे दांपत्य गांधीजींच्या कार्याकडे ओढले जाऊन वर्ध्यास आले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम समिती नेमली गेली. तीत आशादेवीही होत्या. १९३८ साली हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्राम हीच पतिपत्नींची कर्मभूमी ठरली.

समितीने वरच्या इयत्तांतील मुलींना मूलोद्योगाऐवजी गृहविज्ञान घेण्याची मुभा ठेवली होती. सेवाग्रामच्या शाळेत मात्र स्वयंपाकघर हे केवळ मुलींचे राहिले नाही. मुले आणि मुली पाळीपाळीने भाजी पिकवीत, धान्य निवडीत, रांधीत, वाढीत आणि भांडीही घाशीत. माणशी किती धान्य, किती डाळ, किती पालेभाजी लागेल, त्याला खर्च किती येईल आणि त्यातून शरीराला काय मिळेल, याचा हिशेब त्यांनाच मांडावा लागे. गणित, विज्ञान आणि आरोग्य हे तिन्ही विषय एका चुलीपाशी शिकले जात. १९४५ नंतर नई तालीमचा विस्तार पूर्वबुनियादीपासून प्रौढशिक्षणापर्यंत झाला. फाळणीनंतर आशादेवींनी फरीदाबादच्या निर्वासितांतही शिक्षणाचे काम केले. १९५४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भूदानातही त्या सामील झाल्या. त्यांना जाऊन आता अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला आहे.

हे वाचताना मला आमच्या घरची पंगत आठवली. आधी बाबा आणि दादा जेवतात, मग आजी, आणि शेवटी मी व आई. तोवर वरण पातळ झालेले असते, भाजी तळाला गेलेली असते. आम्ही दोघी भाकरीबरोबर जवसाची चटणी घेतो आणि वर चहा पितो. जेवणासोबतच्या चहाने अन्नातले लोह अंगी कमी लागते आणि लिंबाने ते अधिक लागते, हे मी शाळेत पाठ केले होते. परीक्षेत गुणही मिळाले होते. पण ताटाचा हिशेब मला कुणी मांडायला लावला नव्हता.

आज शाळांतून आठवड्याला लोहाची गोळी देतात. ती हवीच. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्क्यांहून अधिक मुलींत रक्तक्षय आढळला. गोळी पोटात जाते, पण पंगतीचा क्रम तोच राहतो. ज्या शाळेत मुलगाही वाढतो आणि माणशी वाटा मोजतो, तेथे शेवटच्या ताटात काय उरले हे त्याला दिसल्यावाचून राहणार नाही. आशादेवींच्या कामाचे मोल मला येथे कळले.

सुट्टीत घरी गेले तेव्हा मी दादाला वाढायला बसवले. आजी रागावली, दादा हसला. पण त्या दिवशी आईच्या ताटात दाट वरण पडले. तीन महिन्यांनी माझे हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचे आहे. आईचे मात्र अजून एकदाही तपासलेले नाही. आता तिलाही घेऊन जायचे मी ठरवले आहे.