हलगी कोणासाठी वाजली?

गावगाड्याने जमीन वाटली, पाणी वाटले, स्मशान वाटले, हे आम्ही नेहमी बोलतो. पण त्याच गावगाड्याने गाणे-बजावणेसुद्धा जातीजातीत वाटून टाकले होते, याकडे आमचे लक्ष कमी जाते. देवळात कोणी गायचे, वरातीपुढे कोणी वाजवायचे, जत्रेत कोणी नाचायचे आणि समोर बसून कोणी फेटा उडवायचा, हे सगळे जन्माआधीच ठरलेले. मातंगाच्या वाट्याला हलगी आली. पाटलाच्या घरचे लग्न असो, पोळ्याची मिरवणूक असो की गावदेवीची पालखी, हलगी घेऊन हजर राहायचे. आमच्या लहानपणी आम्ही पाहिले आहे: कोपऱ्यात पाचटाचा जाळ करून हलगीचे कातडे तापवणारी माणसे, सकाळपासून वाजवून बोटे सुजलेली, आणि पंगत उठल्यावर मांडवाच्या बाहेर बसून जेवणारी. मजुरीचा सवालच नव्हता. सुगीला बलुते मिळायचे, सणाला भाकरी मिळायची. कोणी वाजवायला नाही म्हटले की गाव वाळीत टाकायला मोकळे.

म्हणजे ज्याला शहरातले लोक लोककला म्हणतात आणि पुरस्कार देतात, ती आमच्यासाठी वेठ होती. करमणूक त्यांची होती, कष्ट आमचे होते.

1956 च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत बौद्धांनी गावकीची कामे टाकून दिली. वाजवणेही टाकले. ते योग्यच केले. पण मग तो बोजा शेजारच्या मातंग वस्तीवर तसाच राहिला आणि दोन वस्त्यांमध्ये एक अबोला पडला, हेही खरे आहे. या अबोल्याचा फायदा कोणी घेतला ते वाचकांना सांगायला नको. म्हणूनच आज आम्हाला अण्णा भाऊ साठे यांच्याविषयी लिहायचे आहे. कादंबरीकार अण्णा भाऊंवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला सांगायचे आहे ते गाणाऱ्या अण्णा भाऊंबद्दल.

1 ऑगस्ट 1920 रोजी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातील, आता सांगलीत असलेल्या वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मांगवाड्यात त्यांचा जन्म झाला. नाव तुकाराम. वडील भाऊराव मुंबईत पोटासाठी राबत, आई वालुबाई गावात. शाळा त्यांनी पाहिली ती दीड दिवस. तिथे जे वाट्याला आले ते आमच्या कितीतरी मुलांच्या वाट्याला आलेले आहे, त्याचे वर्णन करीत बसत नाही. शाळा सुटली, पण गावातली दुसरी शाळा सुटली नाही. पोवाडे, जत्रेतले फड, रात्री उशिरापर्यंत चालणारे वग. घरातच तमाशा होता. नात्यातले बापू साठे यांचा फड होता, आणि पुढे तरुणपणी अण्णा भाऊ त्या फडात उभे राहिले. ढोलकी कुठे थांबली की लोक पुढे सरकतात, सोंगाड्याने कोणत्या शब्दावर दम घ्यायचा, हे शिक्षण त्यांना तिथे मिळाले. कोणत्याही विद्यापीठात ते मिळत नाही.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. याच वाळवा तालुक्यात, रेठरे हरणाक्ष गावी, अण्णा भाऊंच्या आधी सुमारे अर्धशतक श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले होते. तेच पुढे पठ्ठे बापूराव झाले. ब्राह्मण असून तमाशात आले, जात सोडली, म्हणून त्यांचे कौतुक होते. व्हावे. पण त्यांचा फड ज्या पवळेमुळे गाजला ती महार समाजातील स्त्री होती. तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे? महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी आपल्या तमाशाच्या खेळांचे उत्पन्न देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. चळवळीला पैशाची चणचण असताना नाकारले. आमच्या आयाबहिणींना नाचवून आलेला पैसा आमच्या मुक्तीच्या कामाला चालणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. मात्र त्याच बाबासाहेबांनी भीमराव कर्डकांच्या जलशांना मान दिला. यातला फरक ज्याला कळला त्याला अण्णा भाऊ कळायला वेळ लागणार नाही.

1931-32 च्या सुमारास साठे कुटुंब दुष्काळाला कंटाळून पायी मुंबईला निघाले. बस नाही, रेल्वे नाही. वाटेत मिळेल ते काम करीत चालत आले आणि भायखळ्याच्या चांदबीबीच्या चाळीत उतरले. त्या मुलाने मुंबईत काय केले नाही? हमाली केली, फेरी केली, कुत्री सांभाळली, गिरणीत झाडू मारला. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षरओळख करून घेतली. मध्ये गावी परत जाणे झाले, फड झाला, पुन्हा मुंबई झाली. शेवटी माटुंग्याच्या लेबर कॅम्पात मुक्काम पडला.

हा लेबर कॅम्प म्हणजे धारावीला लागून असलेली कामगारांची वस्ती. तिथे कॉ. आर. बी. मोरे यांचे काम होते. हे मोरे म्हणजे महाड परिषदेच्या उभारणीतले बाबासाहेबांचे सहकारी, पुढे कम्युनिस्ट पक्षात गेलेले. अण्णा भाऊ त्यांच्या आणि त्यांच्या साथीदारांच्या संगतीत आले. आणि तिथे त्यांनी जो पहिला पोवाडा रचला, तो कशावर? लेबर कॅम्पातील मच्छरांवर!

आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते. पोवाडा हा राजांचा, सरदारांचा, गडकिल्ल्यांचा. त्याची चाल ऐकली की डोळ्यांपुढे तलवारी येतात. त्या चालीत अण्णा भाऊंनी डास बसवले. तुंबलेली गटारे, रात्रभर न लागणारी झोप, सकाळी तशाच डोळ्यांनी भोंग्याला पळणारा कामगार. ऐकणारे हसले असतील. पण हसता हसता त्यांना हेही कळले असेल की आपल्या वस्तीतली घाण हा गाण्याचा विषय होऊ शकतो. रोजचे जगणे गाण्यात आले. आजपर्यंत आमच्या माणसाने दुसऱ्याच्या दारात दुसऱ्याचे गाणे वाजवले होते. आता तो आपल्या दारात आपले गाऊ लागला.

पुढे 1943 साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला. वाटेगावचा, दीड दिवस शाळा पाहिलेला माणूस रशियातल्या लढाईवर पोवाडा लिहितो आणि मुंबईचा कामगार तो उभा राहून ऐकतो. बंगालच्या दुष्काळावर लिहिले. 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे राहिले. अमर शेख मुसलमान, अण्णा भाऊ मातंग, तिसरे गवाणकर. चाळींच्या मैदानात, गिरण्यांच्या फाटकाशी, उघड्यावर खेळ होत. ढोलकी, डफ, तुणतुणे आणि अमर शेखांचा तो पहाडी आवाज. आमच्या वडीलधाऱ्यांनी तो ऐकला होता. ते सांगत की शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा लाऊडस्पीकरची गरज वाटत नसे.

तमाशाची रचना अशी असते: आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि वग. गणात गणपतीला वंदन. गवळणीत कृष्ण आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, म्हणजे देवाच्या नावाने बायकांची छेड. अण्णा भाऊंनी गणपतीच्या जागी मायभूमीला, शिवरायांना आणि देशासाठी हुतात्मा झालेल्यांना वंदन आणले. गवळण काढून टाकली. ढोलकी मात्र ठेवली, सोंगाड्या ठेवला, हशा ठेवला. सत्यशोधक जलशांनी आणि आंबेडकरी जलशांनी जी वाट पाडली होती तिच्यावरूनच ते चालले, पण त्यांनी लोकांना कंटाळा येऊ दिला नाही. प्रबोधन म्हणजे रुक्ष भाषण असे समजणाऱ्या आमच्या काही वक्त्यांनी 'अकलेची गोष्ट' किंवा 'देशभक्त घोटाळे' एकदा काढून वाचावे. सावकार, पुढारी, काळाबाजारवाले यांची अशी फजिती केली आहे की वाचणारा एकटाच हसत बसतो.

सरकार मात्र हसले नाही. मोरारजी देसाई मुंबई राज्याचा कारभार पाहत असताना या तमाशांवर बंदी आली. तमाशा या नावावरच बंदी आहे म्हटल्यावर त्याच खेळाला लोकनाट्य म्हटले जाऊ लागले. आज विद्यापीठात लोकनाट्यावर पीएच.डी. करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे की या शब्दाच्या पाठीमागे पोलिसांची नोटीस होती.

अण्णा भाऊंच्या मुंबईच्या लावणीबद्दल पुष्कळ बोलले जाते. पठ्ठे बापूरावांनीही मुंबईवर लावणी केली होती, त्यात मुंबईचा थाट होता. अण्णा भाऊंनी त्याच शहरात मलबार हिल आणि झोपडपट्टी एकमेकांसमोर उभी केली. पण आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे गाणे म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली 'माझी मैना' ही छक्कड. छक्कड हा लावणीचाच प्रकार, म्हणजे शृंगाराचा. गाण्याची सुरुवातही तशीच होते. पोटासाठी मुंबईला आलेल्या एका गड्याला गावी राहिलेली बायको आठवते. तिचे रूप, तिचा स्वभाव, निघतानाची तिची अवस्था. गिरणगावात त्या काळी बहुतेकांची बायको गावीच होती, दहा बाय दहाच्या खोलीत गडीमाणसे पाळीपाळीने झोपत. तेव्हा ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या काळजाला हात घातला गेला. मग गाणे मुंबईत शिरते, तिथली श्रीमंती आणि तिथली भूक दाखवते, आणि शेवटी ती गावी राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार, निपाणी होऊन जाते. कामगाराला कळतच नाही की आपण बायकोच्या आठवणीतून राजकारणात कधी आलो. मोठमोठ्या नेत्यांच्या भाषणांना जे जमले नाही ते एका छकडीने केले. 1 मे 1960 रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार, निपाणी तेव्हाही बाहेर राहिले आणि आजही बाहेरच आहेत.

त्यांच्या कादंबऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. 'फकिरा' 1959 साली आली, ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, 1961 मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. 'वैजयंता' मध्ये त्यांनी तमाशातल्या बाईचे जगणे मांडले. प्रेक्षकांतून नाही, फडाच्या आतून. पवळेला जे कोणी दिले नाही ते या पुस्तकात वैजयंतेला मिळाले, असे आम्हाला वाटते.

आता अडचणीचा प्रश्न. अण्णा भाऊ आयुष्यभर लाल बावट्याखाली गायले. बाबासाहेब हयात असताना ते आमच्या मंचावर का नव्हते? आम्ही हा प्रश्न टाळणार नाही. त्यांच्या पक्षाला वर्ग दिसला, जात पुरेशी दिसली नाही. गाणारा मांगवाड्यातून आला आहे याचा अर्थ त्या पक्षाने शेवटपर्यंत नीट लावला नाही. पण आम्हीही काही कमी केले नाही. कम्युनिस्ट म्हणून आम्ही त्यांना बाजूला ठेवले. आणि तरीही बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी जे गीत लिहिले, ते आज प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक मोर्चात गायिले जाते. कोणते ते सांगायची गरज नाही, वाचकांच्या ओठांवर ते आलेच असेल. 2 मार्च 1958 रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनाला अण्णा भाऊच होते. म्हणजे त्यांनी अंतर ओलांडले होते. आमच्यातल्या किती जणांनी ओलांडले?

1961 मध्ये ते रशियाला जाऊन आले. परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत. गाण्यांनी लाखोंची मैदाने भरली, पुस्तकांवर सिनेमे निघाले, आणि घरात चूल पेटण्याची चिंता. 18 जुलै 1969 रोजी ते गेले. वय 48. पुढच्याच महिन्यात अमर शेखही अपघातात गेले.

मेल्यानंतर मान मिळाला. 2002 मध्ये टपाल तिकीट निघाले, 2022 मध्ये मॉस्कोत पुतळा बसला. आणि दर वर्षी 1 ऑगस्टला आमच्या शहरातून मिरवणूक निघते. गेल्या काही वर्षांत तिथे डीजे असतो. भिंती हादरतात, शब्द कोणाला ऐकू येत नाहीत. 14 एप्रिललाही तोच डीजे असतो, फक्त त्याच्यावरचा फोटो बदलतो. एका मिरवणुकीत एका वस्तीची माणसे, दुसऱ्या मिरवणुकीत दुसऱ्या वस्तीची. आम्ही दोन्हींत जातो म्हणून दोन्हींकडून बोलणी खातो.

मागच्या मिरवणुकीत मध्येच जनरेटर बंद पडला. दहा-पंधरा मिनिटे डीजे मुका होता. तेवढ्यात कोण्या म्हाताऱ्याने घरातून हलगी आणली, रस्त्याकडेला कागद पेटवून ती शेकली आणि वाजवायला सुरुवात केली. कोणाच्या मांडवासाठी नाही, कोणाच्या हुकुमाने नाही. समोरच्या बुद्धविहाराच्या पायरीवर बसलेल्या दोन आजीबाई उठल्या आणि त्यांनी बाबासाहेबांवरचे तेच गीत धरले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिले आणि ठेका बदलून दिला. मग जनरेटर चालू झाला.