फोटोच्या पलीकडचे स्वामीजी

दरवर्षी १७ सप्टेंबरला टेबलावर हार घातलेला एक फोटो असतो. भगवी वस्त्रं, शांत चेहरा. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजलाही त्यांचंच नाव आहे. स्वामी रामानंद तीर्थ! नाव आपल्या सगळ्यांना पाठ आहे, पण माणूस किती जणांना माहीत आहे?

मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या इतिहासाच्या पुस्तकात हैदराबाद म्हणजे एक छोटा परिच्छेद होता. निजाम आडमुठा, रझाकार क्रूर, सरदार पटेलांनी फौज पाठवली, विषय संपला. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. पण मित्रांनो, बीड जिल्ह्यात राहून हा विषय दोन मार्कांचा नाही हे हळूहळू कळतं. कारण ती गोष्ट आपल्याच गल्ल्यांमधून गेलेली आहे.

आज मला स्वामीजींबद्दल लिहावंसं वाटलं त्याला अजून एक कारण आहे. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये कित्येक हजार माणसं, लहान लेकरांसकट, मारली गेली. तेव्हापासून हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, तू कोणाच्या बाजूचा? जो म्हणेल की मला दोन्हीकडच्या आयांचं वाईट वाटतं, त्याला सगळे हसतात. मधे उभं राहणं म्हणजे घाबरटपणा, असं आपण धरूनच चाललोय. स्वामीजींचं आयुष्य वाचलं की हे गणित चुकीचं वाटायला लागतं.

त्यांचं मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, गाव सिंदगी, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं. टिळक गेले तेव्हा ते जेमतेम सोळा वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी लग्न न करता देशाचं काम करायचं ठरवलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. (आपण त्या वयात सीईटीचा फॉर्म भरत होतो!) असहकाराच्या चळवळीत त्यांनी सरकारी शिक्षण सोडलं, पुण्याच्या टिळक विद्यापीठात शिकले आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापक झाले. पुढे संन्यास घेतला आणि व्यंकटेशचे रामानंद तीर्थ झाले.

१९३५ मध्ये ते अंबाजोगाईला आले. तेव्हा या गावाचं नाव मोमिनाबाद होतं. इथे त्यांनी योगेश्वरी शाळेच्या कामात स्वतःला झोकून दिलं. संन्याशाने मठ बांधायचा, तर यांनी शाळा उभी केली. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी प्रजा बहुसंख्य, पण सरकारी कारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत. साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागायची. त्यामुळे मराठी शाळा चालवणं हेसुद्धा एक राजकारणच होतं.

आता खरी अवघड गोष्ट. राजा मुसलमान आणि बहुतेक प्रजा हिंदू. अशा ठिकाणी लढा उभा करायचा तर सगळ्यात सोपा रस्ता कोणता? धर्माच्या नावाने हाक द्यायची, माणसं लगेच जमतात. स्वामीजी स्वतः भगव्या कपड्यात होते, त्यांना तर ते अजूनच सोपं होतं. पण १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहिली तेव्हा मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची. म्हणजे सरकार प्रजेला जबाबदार असावं, आणि प्रजा म्हणजे सगळी, हिंदू-मुसलमान दोन्ही. निजाम सरकारने मात्र ही संघटना जातीय आहे असं म्हणून तिच्यावर बंदी घातली.

ऑक्टोबर १९३८ मध्ये सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही चळवळी लोकांच्या नजरेत एक व्हायला लागल्या. तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने २४ डिसेंबरला आपला सत्याग्रह थांबवला. विचार करा, रंगात आलेलं आंदोलन थांबवायचं, ते का, तर आपली मागणी एका धर्माची वाटू नये म्हणून! कार्यकर्ते नाराज झाले असतीलच. शिवाय बंदी काही उठली नाही, ती थेट १९४६ मध्ये उठली. मवाळपणाची किंमत अशी रोख मोजावी लागते, हे मला इथे पहिल्यांदा कळलं.

त्याच वर्षी हॉस्टेलवरच्या मुलांनीही एक लढा दिला होता. औरंगाबादला आणि उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हणायला बंदी आली, मुलं हटली नाहीत, आणि शेकडो जणांना काढून टाकलं गेलं. अनेकांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. त्यातलाच एक विद्यार्थी पुढे पंतप्रधान झाला, पी. व्ही. नरसिंह राव. ते स्वामीजींना मार्गदर्शक मानायचे.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण हैदराबाद नाही. १५ ऑगस्टलाच स्वामीजींना अटक झाली. नोव्हेंबरअखेर सोडलं आणि जानेवारी १९४८ मध्ये परत आत टाकलं. बाहेर रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. त्यांचा नेता कासीम रझवी कुठला होता? शेजारच्या लातूरला वकिली करणारा! एकाच मातीत, साठेक किलोमीटरवर, एक शिकलेला माणूस तलवारीची भाषा बोलत होता आणि दुसरा शाळा चालवत होता. म्हणजे शिक्षणाने माणूस आपोआप शहाणा होतो असं नाही. इंजिनिअर होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि सगळे मुसलमान रझवीबरोबर होते का? शोएबुल्ला खान हा तरुण पत्रकार हैदराबादेत इमरोज नावाचं उर्दू दैनिक चालवायचा. तो रझाकारांविरुद्ध आणि भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहायचा. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी जाताना त्याला मारलं, लिहिणारा हातसुद्धा तोडला. स्वामीजींचा लढा सगळ्यांचा होता याचा याहून मोठा पुरावा मला दुसरा सुचत नाही.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. स्वामीजी तुरुंगात असताना सरहद्दीवर स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. तिथले तरुण हत्यारं घेऊन रझाकारांशी, नाक्यांशी, पोलीस ठाण्यांशी लढत होते. गांधींना मानणाऱ्याच्या संघटनेत बंदूक आली होती. त्या काळात गावंच्या गावं जळत होती, त्यामुळे इथे बसून नावं ठेवणं सोपं आहे. पण लपवणंही बरोबर नाही.

१३ सप्टेंबरला फौज आली आणि १७ ला निजामाने माघार घेतली. स्वामीजी सुटले. आपण इथे टाळ्या वाजवून थांबतो. पण त्यानंतरच्या दिवसांत सूड सुरू झाला आणि तो रझाकारांपुरता राहिला नाही, साध्या मुसलमान घरांवर गेला. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. समितीने सगळ्या संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसं मेली असा अंदाज दिला. सगळ्यात जास्त फटका उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडला होता, पण आपला बीड जिल्हाही त्या यादीत आहे. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. त्याच अहवालात हेही आहे की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना जीव धोक्यात घालून वाचवलं.

हेच १९४८ साल. मे महिन्यात तिकडे इस्राएलचा जन्म झाला आणि त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, मी तसं म्हणतही नाही. पण एका बाजूचा मुक्तीचा दिवस शेजाऱ्याच्या घरात दुःखाचा दिवस असू शकतो, हे तिथेही खरं आणि इथेही खरं. तिथे १९९५ पासून एक मंच आहे, ज्यात या संघर्षात घरचं माणूस गमावलेली इस्राएली आणि पॅलेस्टिनी कुटुंबं एकत्र बसतात. त्यांना घाबरट म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

मुक्तीनंतर स्वामीजी मंत्री झाले नाहीत. १९५२ आणि १९५७ ला लोकसभेवर निवडून गेले. भाषेप्रमाणे राज्यं व्हावीत आणि हैदराबाद संस्थान मोडावं असं त्यांनी धरून लावलं. जन्म कन्नड मुलखात, शाळा मराठी, कार्यकर्ते तेलुगूसुद्धा, त्यामुळे त्यांच्या या मताला वजन होतं. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत ते गेले. स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता काही नव्हती.

कंट्रोल सिस्टीमच्या पेपरला आपण डॅम्पिंग शिकतो. ते नसलं की एका झटक्याने सुरू झालेली थरथर थांबतच नाही. समाजातही ते काम कोणीतरी करावं लागतं, आणि करणाऱ्याला दोन्हीकडून झटके बसतात. स्वामीजी निजामाशी शेवटपर्यंत लढले, पण निजामाच्या धर्माच्या माणसाशी त्यांनी भांडण लावून घेतलं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला फार ताकद लागते. टीव्ही रूममध्ये पुढच्या वेळी कोणी बाजू विचारली, तर उत्तर द्यायच्या आधी एवढं आठवावं, म्हणून हा लेख.